श्वान घुटमळले, तिथून पुढे: हरवलेलं कुत्रं-मांजर शोधायला माग काढणारा कुत्रा बोलावताना

मराठी वर्तमानपत्रं वाचत मोठं झालेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं असेल: ‘श्वानपथकास पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले.’ चोरीच्या बातम्या बहुतेकदा इथेच संपायच्या आणि वाचणारा मनात म्हणायचा, म्हणजे काही हाती लागलं नाही. मीही तसंच समजत होते. मग जुलैतल्या एका रात्री अमेरिकेत न्यू जर्सीत आमची कुत्री चिंगी घरातून पळाली. तिसऱ्या दिवशी पहाटे एक ब्लडहाउंड, म्हणजे वासावरून माग काढणाऱ्या जातीची कुत्री, आमच्या दारातून निघाली, अडीच किलोमीटरवरच्या एका जाळीच्या कुंपणापाशी गेली आणि तिथे घुटमळली. त्या घुटमळण्यामुळेच चिंगी परत मिळाली.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खाजगीरीत्या माग काढणारी कुत्री प्रामुख्याने अमेरिकेत आणि थोड्या प्रमाणात ब्रिटनमध्ये मिळतात, म्हणून पहिला मोठा भाग तिथे राहणाऱ्यांना धरून आहे. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे. तुमचं जनावर आत्ता, या क्षणी हरवलेलं असेल तर बाकी सोडा आणि वास जपण्याचा भाग आधी वाचा. उशीर झाला की तेवढी एक गोष्ट हातची जाते.

पहिले काही तास

४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ, फटाक्यांची. पाहुणे येत होते, दार उघडं राहिलं, शेजारच्या गल्लीत मोठा बार फुटला आणि चिंगी पायांमधून सटकली. ती शेल्टरमधून, म्हणजे बेवारस जनावरांच्या आश्रयगृहातून आणलेली, आधीच बुजरी. नवरा चपला घालून तिच्या मागे ओरडत धावला. ती आणखी जोरात पळाली आणि दोन मिनिटांत दिसेनाशी झाली.

इथली चूक समजून घ्या. घाबरलेलं कुत्रं मागे धावणाऱ्या माणसाला ओळखत नाही, मग तो घरचा का असेना. त्याच्या लेखी कुणीतरी पाठलाग करतंय एवढंच असतं. मागे धावू नका. ते कुठे वळलं ते बघा आणि ती जागा पक्की लक्षात ठेवा. तिथे खूण करा, फोनवर नकाशात टाचणी रोवा, वेळ लिहून ठेवा. माग काढणारा कुत्रा बोलावलात तर त्याची सुरुवात याच जागेपासून होईल. ‘साधारण त्या बाजूला गेली’ आणि ‘या पोस्टाच्या पेटीपाशी उजवीकडे वळली, नऊ वाजून दहा मिनिटांनी’ यांत शोधाचे दोन-तीन तास वाचतात किंवा वाया जातात.

त्यानंतरचं नेहमीचं काम: शेल्टरला आणि गावच्या प्राणी नियंत्रण खात्याला कळवणं, मायक्रोचिपच्या (जनावराच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) कंपनीकडे नोंदवलेला फोन नंबर बरोबर आहे ना ते बघणं, आसपासच्या दवाखान्यांत फोटो देणं. शेल्टरला नुसता फोन करून थांबू नका, स्वतः जाऊन पिंजरे बघा. फोनवर ‘तपकिरी, मध्यम आकाराची’ असं सांगितलेलं कुत्रं तिथल्या नोंदवहीत भलत्याच जातीच्या नावाने असू शकतं. न्यू जर्सीत सापडलेलं जनावर किमान सात दिवस ठेवावं लागतं, त्यानंतर ते दुसऱ्याला दत्तक जाऊ शकतं. इंग्लंडमध्येही भटक्या म्हणून पकडलेल्या कुत्र्याला सातच दिवसांची मुदत आहे. सात दिवस भराभर सरतात.

पत्रकं लावाल तेव्हा जनावराची एक खूण लपवून ठेवा. चिंगीच्या मागच्या डाव्या पायाचं एक नख पांढरं आहे, ते आम्ही कुठेच लिहिलं नाही. ‘तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतात. आणखी एक प्रकार असा की समोरचा म्हणतो, तुम्ही खरे मालक आहात याची खात्री करायला एक कोड पाठवलाय, तो वाचून दाखवा. तो कोड तुमच्या नंबरावर दुसऱ्याचं खातं उघडण्यासाठी असतो. काही झालं तरी सांगू नका. आम्हाला दोन दिवसांत असे तीन फोन आले, आणि त्या अवस्थेत माणूस काहीही वाचून दाखवायला तयार असतो.

वास जपा, आणि आत्ताच जपा

प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण आणि केस सतत झडत असतात. त्यांवर जिवाणू काम करतात आणि त्यातून त्या एकाच प्राण्याचा असा वास तयार होतो. माग काढणारा कुत्रा हाच वास धरतो. पण त्याला आधी नमुना द्यावा लागतो: हा वास, हाच शोध. नमुना मिसळलेला असला की सगळाच शोध मिसळतो.

म्हणून हातमोजे घाला. नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवा. फक्त त्याच जनावराने वापरलेली वस्तू उचला: गळ्याचा पट्टा, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), त्याची एकट्याची गोधडी, केस अडकलेला ब्रश. झिप असलेल्या नव्या जाड पिशवीत घाला, हवा काढून बंद करा, वर तारीख लिहा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. कचऱ्याच्या पिशव्या वापरू नका, त्यांना बहुतेकदा सुगंध लावलेला असतो. वस्तू कुणाला दाखवायला काढू नका. मुलांना ‘चिंगीचा पट्टा’ कुशीत घ्यावासा वाटतो, माझ्या धाकट्याने तेच केलं आणि तो पट्टा निकामी झाला. सुदैवाने तिचा हिवाळ्यातला स्वेटर एका खोक्यात वेगळा ठेवलेला होता.

घरात दुसरी जनावरं असतील तर एकट्याची अशी वस्तू मिळणं कठीण जातं. तरीही धीर सोडू नका. जाणकार हँडलर, म्हणजे माग काढणारा कुत्रा हाताळणारी माणसं, घरातल्या उरलेल्या जनावरांचा वास आपल्या कुत्र्याला आधी हुंगवतात. नमुन्यात तीन वास आहेत, दोन समोर हजर आहेत, मग न दिसणारा तिसरा शोधायचा, हे चांगला शिकलेला कुत्रा समजतो. फोनवर बोलतानाच घरात किती जनावरं आहेत ते सांगून टाका. आणि हो, घर झाडूपुसून काढू नका, अंथरुणं धुवायला टाकू नका. काळजीने हात स्वस्थ बसत नाहीत हे मला माहीत आहे, पण स्वयंपाकघरात भांडी घासा, तिच्या खोलीला हात लावू नका.

हा कुत्रा नेमकं काय करतो

हरवलेल्या जनावरांसाठी अशी कुत्री तयार करण्याची कल्पना पुढे आणण्यात कॅथी ‘कॅट’ अल्ब्रेख्ट यांचा मोठा वाटा आहे. त्या कॅलिफोर्नियात पोलीस अधिकारी होत्या आणि ब्लडहाउंड हाताळायच्या. १९९६ मध्ये त्यांचाच ब्लडहाउंड जंगलात हरवला, दुसरा शोधक कुत्रा आणल्यावर तो वीस मिनिटांत सापडला. माणसं शोधणारी कुत्री जनावरंही शोधू शकतात तर मग शिकवत का नाही, असा प्रश्न त्यांना पडला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्या दृष्टीने कुत्री तयार करायला घेतली.

ढोबळमानाने दोन प्रकार ध्यानात ठेवा, कारण चुकीचा प्रकार बोलावलात तर पैसेही जातात आणि वेळही. पहिला प्रकार एका ठरावीक प्राण्याचा वास हुंगून त्याच्याच मागावर चालणारा. लांब दोरीला बांधलेला, नाक खाली, गेलेल्या वाटेने जाणारा. पळून गेलेल्या कुत्र्यासाठी हा लागतो. ब्लडहाउंड याच कामासाठी नावाजलेले. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, तर ब्लडहाउंडच्या नाकात त्या ३० कोटींच्या घरात असतात असं मानतात. पण जातीवर अडून बसू नका, बीगल, लॅब्रॅडॉर, अगदी मिश्र जातीची कुत्रीही हे काम उत्तम करतात.

दुसरा प्रकार मागावर चालत नाही. तो एका ठरवलेल्या परिसरातला कोपरा न् कोपरा हुंगतो आणि मांजर लपलेलं असेल तिथे इशारा देतो. त्याच्याबद्दल मांजरांच्या भागात लिहिते.

हवेचा या कामावर फार परिणाम होतो. थंड, दमट हवा आणि सावलीतलं गवत वास धरून ठेवतात. तापलेलं डांबर, कडक ऊन आणि कोरडा वारा तो उडवून लावतात. रिमझिम पावसाने बिघडत नाही, कधी कधी दबलेला वास उठतोसुद्धा. पण मुसळधार पाऊस तो वाहून गटारात नेतो. म्हणून उन्हाळ्यात शोध पहाटे सुरू करतात. आमची हँडलर साडेचारला दारात होती. दव पडलेलं होतं, ते बघून तिचा चेहरा खुलला.

किती जुना माग निघतो? पहिले एक ते तीन दिवस सर्वांत चांगले. त्यानंतरही निघतो, जागा आणि हवा अनुकूल असेल तर आठवड्यानेही, पण दर दिवसागणिक भरवसा कमी होत जातो. कुणी महिन्या-दोन महिन्यांचा माग हमखास काढून देतो म्हणालं तर सावध व्हा.

हँडलर निवडताना

या कामाला सरकारी परवाना असा नाही. कुणीही गळ्यात ओळखपत्र अडकवून ‘पेट डिटेक्टिव्ह’ म्हणवून घेऊ शकतं. चांगली माणसं पुष्कळ आहेत, काही तर नुसत्या प्रवासखर्चावर येतात, पण पारखून घ्यायची जबाबदारी तुमची. पैसे म्हणाल तर काही शे डॉलरपासून आकडा सुरू होतो, लांबून येणार असतील किंवा दोन दिवस लागणार असतील तर हजाराच्या पुढे जातो. आधी लेखी घ्या: किती तास, प्रवास धरून की वेगळा, माग मिळालाच नाही तर काय.

मी विचारले ते प्रश्न सांगते. कुत्रा किती वर्षं काम करतोय आणि कुठे शिकला? त्याची परीक्षा अनोळखी जागी, हँडलरला उत्तर माहीत नसताना घेतली जाते का? हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. माग कुठे जातो ते हँडलरला माहीत असेल तर नकळत त्याचा हात दोरीला तिकडेच ओढतो आणि कुत्रा हुशार दिसतो. माग नसेल तेव्हा कुत्रा ते कसं सांगतो? ज्या हँडलरला या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येतं, त्याचा कुत्रा बहुधा खरा. आमच्या हँडलरने सांगितलं, “वास नसेल तर ती माझ्याकडे वळून बघते आणि बसते, आणि मग मी तुम्हाला तसंच सांगते.” शेवटचा प्रश्न: यापूर्वीच्या शोधांत थेट जनावरापर्यंत किती वेळा पोचलात?

या शेवटच्या प्रश्नाला ‘दर वेळी’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. थेट चालत जाऊन पळालेलं कुत्रं सापडणं क्वचितच घडतं, कारण ते कुत्रं चालतं-फिरतं आहे आणि तुम्ही त्याच्या कालच्या-परवाच्या वाटेवरून जात आहात. माग काढणारा कुत्रा बहुतेक वेळा दिशा देतो, पूर्वेला शोधताय तिथे नाही, दक्षिणेला आहे, असं सांगतो. त्या माहितीवर पुढचं काम तुम्ही करायचं असतं. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. सगळी आशा त्या एका सकाळवर लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कुत्रा परत गाडीत बसला की ती उन्मळून पडतात, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांनी कामाला लागायला हवं असतं.

सहा-सात दिवसांनी पक्की माहिती मिळाली की ते जनावर अमुक जागी दिसतंय, तर माग काढणारा कुत्रा बोलावूच नका. तिथे आता पिंजरा आणि कॅमेरा लागतो.

शोधाच्या दिवशी

आदल्या रात्री नकाशा काढून ठेवा. दिसल्याचे जे जे फोन आले ते वेळेसकट त्यावर मांडा. ज्यांच्या अंगणातून जावं लागेल त्यांची परवानगी घ्या, न विचारता कुणाच्या आवारात शिरू नका. घरातली दुसरी कुत्री घरातच ठेवा. नातेवाइकांचा घोळका बरोबर नको. एकच माणूस हँडलरच्या मागे, दहा-पंधरा पावलं अंतर ठेवून, गप्प. जनावराला हाका मारायच्या नाहीत.

आमच्याकडे हँडलरने पिशवीचं तोंड जेमतेम उघडलं. ब्लडहाउंडने नाक आत घातलं, दोन-तीन श्वास घेतले. तिच्या कानांची टोकं जमिनीला लागत होती, कपाळाची कातडी लोंबून डोळ्यांवर आली होती. हार्नेस चढवताच तिचं वागणं बदललं. पोस्टाच्या पेटीपाशी ती एकदा डावीकडे गेली, थबकली, मागे आली, शेपटी वर केली आणि उजवीकडे दोरी ताणून निघाली. तिथून मेटुचन-एडिसन भागातल्या मिडलसेक्स ग्रीनवेवर. ही साडेतीन मैलांची चालण्याची वाट जुन्या लीहाय व्हॅली रेल्वेच्या मार्गावर केलेली आहे, दोन्ही बाजूंना झाडी. घाबरलेली कुत्री अशाच वाटा धरतात: रेल्वेच्या कडेची पट्टी, ओढ्याचा काठ, विजेच्या तारांखालची मोकळी जागा. माणूस कमी, आडोसा सलग. आम्ही मात्र दोन दिवस वस्तीच्या रस्त्यांवरून गाडी फिरवत होतो, काचा खाली करून, तिचं नाव घेत.

चालताना कुत्र्यापेक्षा हँडलरकडे जास्त लक्ष द्या आणि ती काय बोलते ते टिपत राहा: इथे वास दाट, इथे विरळ, इथे जनावर घोटाळलं असावं, इथे बसलं असावं. नकाशात प्रत्येक ठिकाणी टाचणी रोवा. पावलांचे ठसे, विष्ठा, केस दिसले तर फोटो काढा. हँडलर म्हणाली “थांबा, जनावर जवळ असावं,” की तिथून पाऊल पुढे टाकायचं नाही. मोठा शोधक कुत्रा अंगावर येताना पाहून हरवलेलं कुत्रं रस्त्यावर झेप घेऊ शकतं. म्हणून चांगली हँडलर जवळचा वास लागताच आपलं कुत्रं मागे घेते.

घुटमळला म्हणजे काय

ग्रीनवेवरून उतरून एका साठवण गोदामाच्या मागे, जाळीच्या कुंपणापाशी ब्लडहाउंड गोल गोल फिरू लागली. कुंपणाच्या बाजूने पन्नास पावलं गेली, परत आली, पुन्हा फिरली. मला वाटलं, झालं, वर्तमानपत्रातलं वाक्य खरं ठरलं.

हँडलरने मला तिथेच उभं करून समजावलं. घुटमळण्याचे प्रकार असतात. कुत्रा रस्त्याच्या कडेला येऊन नाक वर करतो, पुढे-मागे दोन्हीकडे तपासतो आणि वास तुटल्यासारखा थांबतो, तेव्हा जनावराला कुणी उचलून गाडीत घातलं असण्याची शक्यता मोठी. मग पत्रकं त्या रस्त्याने जा-ये करणाऱ्यांसाठी लावायची, त्या बाजूचे दवाखाने आणि शेल्टर बघायचे. घरांचे दाराशी लावलेले कॅमेरे तिथे उपयोगी पडतात, नेमकी वेळ सांगून विचारायचं. हवा साचते अशा खळग्यात किंवा भिंतीच्या कोपऱ्यात तो फिरत राहतो तेव्हा वास वाऱ्याने येऊन तिथे जमलेला असतो, जनावर तिथे गेलेलं असेलच असं नाही. मग वारा कुठून येतोय ते पाहून वरच्या अंगाला पुन्हा प्रयत्न करायचा. आणि तिसरा प्रकार आमचा. एकाच जागी जुना आणि ताजा वास एकावर एक साचलेला, पुढे जाणारी एक वाट नाही, चारी बाजूंनी ये-जा. म्हणजे जनावर त्या जागी पुन्हा पुन्हा येतंय.

कुंपणाच्या तळाशी एक भोक होतं. जाळीच्या तुटक्या तारेला तीन तपकिरी केस अडकलेले होते. पलीकडे गोदामाचे जुने लाकडी पॅलेट रचून ठेवलेले, त्यांच्याखाली सावली. हँडलरने दुर्बिणीतून पाहिलं, आम्हाला आवाज न करता मागे नेलं आणि तिचं काम तिथे संपलं.

म्हणून हँडलर जाण्याआधी तिच्याकडून हे तीन प्रकार तुमच्या जागेच्या संदर्भात समजून घ्या, आणि लेखी अहवाल मागा. नुसतं ‘इथे माग संपला’ एवढंच ऐकून घरी परतू नका. कसा संपला, ते विचारा.

दिशा मिळाल्यावर

त्याच संध्याकाळी मालकाच्या परवानगीने भोकापासून थोड्या अंतरावर खाणं ठेवलं आणि झाडाला ट्रेल कॅमेरा बांधला, जंगलात प्राण्यांचे फोटो काढतात तसला. पहिल्या रात्री रकून, दुसऱ्या रात्री रकून आणि एक मांजर. तिसऱ्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी चिंगी, हडकलेली, शेपटी पायांत. मला ते चित्र फोनवर दिसलं तेव्हा उठून धावत जावंसं वाटलं. जायचं नाही. माणसांचा वावर वाढला की घाबरलेलं जनावर जागा बदलतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग पकडपिंजरा आणला, दार आधी दोन रात्री बांधून उघडंच ठेवलं, खाणं रोज थोडं आत सरकवलं. भाजलेली कोंबडी सर्वांत कामाची, वास लांब जातो. खालच्या जाळीवर तिची गोधडी घातली. पिंजरा लावलात तर कॅमेऱ्यातून किंवा दर थोड्या वेळाने जाऊन लक्ष ठेवायलाच हवं. उन्हात कोंडलेलं जनावर मरू शकतं, आणि भलतंच जनावर आत गेलं तर सोडायला तुम्ही हवेत. आठव्या रात्री ती आत आली.

हरवलेल्या कुत्र्याशी समोरासमोर गाठ पडलीच तर उभ्याने जाऊ नका, थेट डोळ्यांत बघू नका, नाव घेऊ नका. जमिनीवर बसा, अंग तिरकं ठेवा, खाऊची पिशवी हळूच चुरचुरवा, खाऊ स्वतःभोवती टाका. पुष्कळदा पाच-दहा मिनिटांनी नाकाला ओळख पटते आणि मग एकदम ते तुमच्या अंगावर कोसळतं.

मांजर हरवलं असेल तर

इथे सगळाच हिशेब वेगळा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती तपासली होती. वर्षाच्या आत ६१ टक्के सापडली, साधारण एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांतच. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं सुटली तिथून ५०० मीटरच्या आत मिळाली, आणि सर्वांत उपयोगी पडलं ते स्वतः फिरून, वाकून, कोपरे धुंडाळणं. घरातच वाढलेलं मांजर तर बऱ्याचदा दोन-तीन घरांच्या आत, आवाज न करता बसलेलं असतं. भुकेलं असलं तरी ओरडत नाही, तुम्ही हाक मारली तरी उत्तर देत नाही. गप्प राहणं हाच त्याचा बचाव असतो.

म्हणून मांजरासाठी मागावर चालणाऱ्यापेक्षा परिसर हुंगणारा कुत्रा बरा. ब्रिटनमध्ये मॉली नावाची कॉकर स्पॅनियल या कामासाठी प्रसिद्ध झाली. वास ओळखून आजार शोधणारी कुत्री तयार करणाऱ्या ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ संस्थेने तिला शिकवलं होतं. मांजर सापडलं की ती भुंकत नाही, जमिनीवर आडवी होते, म्हणजे लपलेलं मांजर बिथरत नाही. तुम्ही बोलावलेला कुत्रा इशारा कसा देतो ते आधी विचारा. भुंकणारा, पंजे मारणारा असेल तर नको. शेजाऱ्यांचं गॅरेज, डेकखालची (घराबाहेरच्या लाकडी ओट्याखालची) पोकळी, हत्यारांची खोली, सगळीकडे शिरायची परवानगी आदल्या दिवशीच मिळवा. आणि कुत्रा बोलावण्याआधी टॉर्च घेऊन रात्री एकदा स्वतः बघा, डोळे चमकतात.

महाराष्ट्रात असाल तर

पोलिसांची श्वानपथकं गुन्ह्यांसाठी आहेत. पुण्यात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून तयार झालेली कुत्री चोरी, खून, स्फोटकं यांच्या कामावर असतात. पाळीव जनावर चोरीला गेल्याचा सबळ संशय असेल तर तक्रार जरूर नोंदवा, पण कुत्रा आणून माग काढून देतील अशी अपेक्षा धरू नका. शेजाऱ्यांचा जर्मन शेफर्ड ‘फार हुशार आहे’ म्हणून पट्टा हुंगवून नेऊ नका. न शिकलेलं कुत्रं गल्लीत नेलं की भटक्या कुत्र्यांशी भांडण लागतं आणि तुमचं घाबरलेलं जनावर जवळ असलं तर आणखी लांब पळतं.

पण माग काढण्याचं तत्त्व तेच वापरा: शेवटची पक्की जागा, दिशा, आडोसा. आपल्याकडे माग माणसांना विचारून निघतो. पहाटे बाहेर असणारे बघा, म्हणजे सफाई कामगार, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळीचे वॉचमन, रिक्षास्टँडवरचे लोक. भटक्या कुत्र्यांना रोज खाणं घालणारी बाई किंवा काका प्रत्येक वस्तीत असतात, त्यांना आधी गाठा. आपल्या हद्दीत नवं कुत्रं शिरलं की गल्लीतली कुत्री रात्री भुंकून उठतात. कुठल्या कोपऱ्यावर, किती वाजता भुंकली हे विचारलंत की नकाशावर रेघ आपोआप तयार होते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री पळालेलं कुत्रं बहुधा फटाके थांबल्यावर, पहाटेच्या शांततेत हलतं. त्या वेळेला बाहेर पडा. जुन्नर-आंबेगाव भागात किंवा मुंबईत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत असाल तर एकट्याने झाडीत शिरू नका, तिथे बिबट्याचा वावर असतो. मांजरासाठी सोसायटीत मीटरची खोली, लिफ्टच्या वरची खोली, पाइपांचे डक्ट, जिन्याखालची अडगळ, बंद फ्लॅटच्या बाल्कन्या आणि पार्किंगमधल्या गाड्यांची बॉनेटखालची जागा बघा. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवा.

हरवण्याआधी करून ठेवायचं

निर्जंतुक गॉजचा एक तुकडा घ्या, हातमोजे घालून जनावराच्या पाठीवर, पोटाखाली, जबड्याच्या कडेला आणि पंजांच्या मधे चोळा. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावा, नाव आणि तारीख लिहा, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. असे दोन तुकडे दोन बरण्यांत असले तर उत्तम. पाच मिनिटांचं काम आहे. यात घरातल्या इतर जनावरांचा वास मिसळत नाही आणि पोरांनी पट्टा हाताळला तरी बिघडत नाही. त्याच दिवशी जनावराचे दोन्ही बाजूंनी उभे फोटो काढा, मायक्रोचिपचा नंबर फोनमध्ये लिहा आणि कंपनीकडची माहिती ताजी करा.

आमच्याकडे चिंगीची बरणी तळघरातल्या कपाटात वरच्या फळीवर असते. दर वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी मी ती बदलते आणि त्या वेळी चिंगी कुठे जाऊ नये म्हणून धाकटा तिला दोन्ही हातांनी धरून बसतो.